शंभर पेशी मोजताना

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला की तो डॉक्टरांच्या आधी माझ्या व्हॉट्सअॅपवर येतो. मी डॉक्टर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते, तेवढ्या भांडवलावर माझी ही फुकट प्रॅक्टिस चालते.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी भाच्याचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, पाठवला आणि मी तो उघडायच्या आत स्वतःच जिना चढून वर आल्या. भाच्याला तीन दिवस ताप, अंग ठणकतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय. "अगं, लिम्फोसाइट 55 टक्के! समोर 'हाय' छापलंय. गूगलवर बघितलं तर ब्लड कॅन्सरपर्यंत जातंय ते." मग धाप टाकत म्हणाल्या, "आणि त्याची इम्युनिटी किती आहे ते कुठल्या ओळीत दिलंय? मला सापडलंच नाही."

सापडणार कसं? ती ओळ कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते. करोनापासून 'इम्युनिटी' हा शब्द आपण साखर नाहीतर बीपीसारखा वापरायला लागलोय. ह्याची कमी, तिची जास्त, काढा प्यायला की वाढली. रिपोर्टमध्ये असतात त्या वेगवेगळ्या जातीच्या पांढऱ्या पेशी. त्यांची कामं वेगळी, वेळा वेगळ्या, आणि सगळ्यांनीच एकदम जोर केला तर माणूस बरा होण्याऐवजी आयसीयूत जातो.

पण आधी काकूंची भीती घालवायची होती, म्हणून कागद-पेन्सिल घेतली. भाच्याच्या एकूण पांढऱ्या पेशी होत्या 2,900. हा आकडा एका मायक्रोलिटरचा, म्हणजे रक्ताच्या थेंबाच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्यातला. मोठ्या माणसात तो 4,000 ते 11,000 असतो. त्यातले न्यूट्रोफिल 35 टक्के, लिम्फोसाइट 55, मोनोसाइट 8, इओसिनोफिल 2. आता 2,900 चे 55 टक्के काढा: 1,595. लिम्फोसाइट 1,000 ते 4,000 पर्यंत असले तर ठीक. म्हणजे ते वाढलेलेच नाहीत. न्यूट्रोफिल काढा: 1,015. ते एरवी 2,000 च्या वर हवेत. घटलेत ते हे.

"गणपतीत निम्मी बिल्डिंग कोकणात जाते की नाही," मी म्हटलं, "मग राहिलेल्यांत गुजराती शेजाऱ्यांचा टक्का वाढल्यासारखा दिसतो. म्हणून काय नवीन गुजराती राहायला आले?"

काकूंना हे लगेच पटलं. डेंग्यूची एनएसवन चाचणी पॉझिटिव्ह होतीच. डेंग्यूत अस्थिमज्जेचं, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मगजाचं, काम काही दिवस मंदावतं, पांढऱ्या पेशी उतरतात, त्यात न्यूट्रोफिल जास्त. गूगलला टक्का दिसला, आकडा दिसला नाही.

आता मोजणी बहुतेक मशीनच करतं. पण आकडे विचित्र आले की मशीन खूण करतं आणि आम्हाला स्लाइड काढावी लागते. जांभळ्या झाकणाच्या नळीतला एक थेंब काचेवर ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो झपकन पुढे ओढायचा. नीट जमलं तर जिभेच्या आकाराचा पातळ पापुद्रा उमटतो. नव्या मुलांचा हात थरथरतो आणि पापुद्र्याला पायऱ्या पडतात. तो सुकला की लिशमनचा रंग, थोड्या वेळाने त्यावर बफरचं पाणी, मग धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब टाकून लेन्सखाली. लाल पेशींचा गुलाबी सडा आणि त्यात मधूनच एखादी जांभळी पेशी. अशा शंभर पेशी ओळखून त्यांची वर्गवारी करायची, हे आमचं काम.

शंभरातल्या चाळीस ते सत्तर एरवी न्यूट्रोफिल निघतात. जुने लोक त्यांना 'पॉली' म्हणतात. त्यांचं केंद्रक तीन ते पाच तुकड्यांचं, बारीक धाग्याने जोडलेलं. अस्थिमज्जा रोज साधारण 10,000 कोटी न्यूट्रोफिल बनवते, आणि रक्तात आलेला न्यूट्रोफिल बहुधा दिवसभरही टिकत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? मानेवर केसतूड झालं तर काय होतं ते बघा. केसाच्या मुळाशी जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं. वाहत चाललेला न्यूट्रोफिल त्याला अडकत, गडगडत, शेवटी थांबतो आणि भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. तुकड्यांचं केंद्रक फटीतून जाताना कामी येतं. एकसंध गोळा असता तर अडकला असता.

जागेवर पोचला की तो जंतू गिळतो आणि आतल्या आत विषारी रसायनांत बुडवतो. नाही जमलं तर ती रसायनं बाहेर ओततो. आणि 2004 मध्ये एक अजब गोष्ट कळली: काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए उसवून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतू त्यात अडकतात. हे करताना बहुधा तो स्वतः मरतो. केसतूड पिकलं म्हणतो तेव्हा आत जो पू साठलेला असतो तो बराचसा म्हणजे हे मेलेले न्यूट्रोफिल. पुवाला हिरवट झाक असते तीही जंतूंची असेल असं नाही, न्यूट्रोफिलमधल्या एका एन्झाइमचाच रंग हिरवा आहे.

ह्या पेशीची खोडी एकच. ती नेम धरत नाही. जंतूंवर ओतलेलं रसायन शेजारच्या चांगल्या पेशींनाही भाजतं. म्हणून तिला आयुष्य कमी दिलंय ते बरंच आहे.

मोनोसाइट ही रक्तातली सगळ्यात ऐसपैस पेशी, केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचं. रक्तात ती फक्त प्रवासाला असते. बाहेर पडून ऊतींत मुक्काम केला की तिची मॅक्रोफेज होते. गिळणं हेच हिचंही काम, पण न्यूट्रोफिलसारखं घाईचं नाही. ही महिनोन्महिने राहते, मेलेल्या पेशी उचलते, जखम भरायला मदत करते. लोकलच्या दारात उभं राहून आपण जी काजळी ओढतो त्यातली फुप्फुसात खोल गेलेली मॅक्रोफेजच गिळतात. जुन्या मुंबईकराच्या कफात काळे ठिपके भरलेल्या मॅक्रोफेज दिसतात, मी पाहिल्यात.

माझ्या आजीच्या मनगटावर तुळशीचं गोंदण होतं. सत्तर वर्षं कातडी बदलत राहिली आणि गोंदण तसंच, हे कसं, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर मॅक्रोफेजमध्ये आहे. सुईने आत गेलेली शाई त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. एक मॅक्रोफेज मेली की सांडलेली शाई शेजारची उचलते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलं आहे. सत्तर वर्षं आजीची तुळस ह्या पेशी हातोहात सांभाळत होत्या.

मॅक्रोफेजची गोष्ट परळमध्ये सांगताना मला जरा जास्तच आपुलकी वाटते. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. पेशी परक्या वस्तूला घेरतात आणि गिळतात ही कल्पना तिथून पुढे आली आणि 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पाऊल एरलिख यांच्यासोबत. ह्याच मेचनिकोव्हांचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. 1896 मध्ये मांडवीत प्लेग फुटला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, तीच आजची हाफकिन संस्था. माझी बस रोज तिथूनच जाते.

मेलेले जंतू टोचून फायदा काय, हे कळायला लिम्फोसाइटपर्यंत जावं लागेल. त्याआधी मॅक्रोफेजचं एक अपयश सांगते, कारण ते मुंबईच्या रोजच्या ओळखीचं आहे. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जातो आणि मरत नाही, तिथेच बिऱ्हाड करतो. मग शरीर मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट यांची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतं. बहुतेकांच्या बाबतीत तो आयुष्यभर कोंडलेलाच राहतो, त्यांना क्षय होत नाही. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही यांनी ती गाठ ढिली पडली की जंतू बाहेर येतो.

इओसिनोफिल दिसायला देखणी. दोन तुकड्यांचं केंद्रक, चष्म्यासारखं, आणि भोवती नारिंगी दाणे. जंत गिळण्याच्या पलीकडचे मोठे असतात, म्हणून ही पेशी त्यांना चिकटते आणि दाण्यांतलं विष त्यांच्या अंगावर ओतते. जंत नसले तर तेच विष दम्यात श्वासनलिकेला त्रास देतं. बेसोफिल शंभरात एखादी, तीही निळ्या दाण्यांत बुडालेली. नवीन मुलगी 'मॅडम, बेसो दिसली' म्हणून हाक मारते, आम्ही सगळे एकेकदा बघून जातो, बस.

मास्ट पेशी मात्र स्लाइडवर दिसत नाहीत, कारण त्या त्वचेत, नाकात, आतड्यात बसून असतात. डास चावल्यावर जी गांधी उठते आणि खाज सुटते ती ह्यांनी सोडलेल्या हिस्टामीनची. आमच्या लॅबमधला एकजण कोळंबी खाल्ली की ओठ सुजून बसतो. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन त्याच्या मास्ट पेशींना धोका वाटतं. तसंच प्रथिन झुरळातही असतं आणि अॅलर्जीच्या चाचणीत दोघांची गल्लत होऊ शकते. हे त्याला सांगितल्यापासून त्याची कोळंबीवरची वासनाच उडाली.

आता लिम्फोसाइट. खरं सांगायचं तर इथे माझी विद्या संपते. गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर पातळ कड, एवढंच दिसतं. त्यात बी कुठली, टी कुठली, एनके कुठली, हे लिशमनच्या रंगात ओळखता येत नाही. त्याला फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेझरने वाचणारं मशीन, लागतं. आणि नेमका इथेच सगळा अभ्यासाचा भाग आहे.

आतापर्यंतच्या पेशी ठोकळ खुणांवर चालतात: हे परकं दिसतंय, गिळा. बी आणि टी पेशींचं तसं नाही. प्रत्येक पेशीकडे एकाच आकाराचा ग्राहक, म्हणजे पकडायचा आकडा (हूक) असतो. पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि ज्या पेशीच्या वाट्याला जो आकडा येईल तो सहसा कायमचा. हे पिसणं सुसुमु तोनेगावा यांनी दाखवून दिलं, त्याबद्दल 1987 चं नोबेल. त्यामुळे जगात अजून जन्मालाही न आलेल्या विषाणूला पकडेल अशी एखादी पेशी तुमच्या अंगात आज असू शकते. अडचण एवढीच की ती लाखोंत एक असते आणि विषाणू घुसलाय पायाच्या अंगठ्यात.

त्यांची गाठ घालून देणं हे डेंड्रिटिक पेशीचं काम. ही त्वचेखाली हातपाय पसरून असते, जंतूचा तुकडा उचलते आणि जवळच्या लसीका ग्रंथीत घेऊन जाते. ग्रंथीत टी पेशी सतत ये-जा करत असतात. तुकडा प्रत्येकीपुढे धरला जातो, ज्या पेशीचा आकडा जुळला ती थांबते आणि दुपटीने वाढायला लागते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ते ह्याचंच. आई त्यावर शेक द्यायची. आत नवी फौज, नाही, फौज म्हणायचं मी टाळते, आत हजारो जुळ्या पेशी तयार होत असतात. प्लेगमध्ये जांघेत, काखेत जी गाठ यायची आणि ज्यावरून लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे, तीही लसीका ग्रंथीच, फक्त तिथे प्लेगच्या जंतूने ग्रंथीचाच ताबा घेतलेला असायचा. डेंड्रिटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना 2011 चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते तीनच दिवसांपूर्वी वारले होते. समितीला ते ठाऊक नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, पण हे ठेवलं.

ह्या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडाभर जातो. म्हणून पहिले काही दिवस न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांनाच किल्ला लढवावा लागतो.

टी पेशी दोन मुख्य प्रकारच्या. हेल्पर टी स्वतः कुणाला मारत नाही, पण तिने होकार दिल्याशिवाय बी पेशी आणि मारेकरी टी पेशी नीट कामाला लागत नाहीत. एचआयव्ही नेमकी हीच पेशी पकडतो. एचआयव्हीचे उपचार मिळतात त्या एआरटी केंद्रावर जो 'सीडी फोर काउंट' सांगतात तो हिचा: एरवी 500 ते 1,500, आणि 200 च्या खाली गेला की एरवी निरुपद्रवी जंतूही जिवावर उठतात. बाकी सगळ्या पेशी असतात, पण कुणी कुणाला सांगायचं हेच तुटतं.

मारेकरी टी पेशी आपल्याच पेशींना मारते, ज्यांच्यात विषाणू शिरलाय त्यांना. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर मांडून ठेवते, रेशन दुकानाबाहेरच्या फळ्यासारखे. विषाणूचा तुकडा मांडलेला दिसला की टी पेशी तिला संपवते. काही विषाणू हुशारी करून फळाच काढून टाकतात. त्यांच्यासाठी एनके पेशी. तिचा नियम सोपा: फळा नसेल तर मारा.

क्षयासाठीच्या मँटू टेस्टला आलेली माणसं विचारतात, इंजेक्शन दिलंत ना, मग आजच सांगा. आज सांगता येत नाही, कारण हातावर येणारा फुगवटा टी पेशींचा असतो आणि त्यांना जमायला 48 ते 72 तास लागतात. कोळंबीची सूज मिनिटांत, मँटूची दोन दिवसांनी. पेशी वेगळ्या.

बी पेशीला जुळणारा जंतू आणि हेल्परचा होकार मिळाला की ती प्लाझ्मा पेशी होते आणि सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडते. काही बी आणि टी पेशी आठवण म्हणून मागे राहतात, वर्षानुवर्षं. हाफकिनचे मेलेले जंतू हेच करायचे: रोग न देता आठवण ठेवायची. आता ही आठवण कामाला आली की चांगलंच, असं आपण धरून चालतो. पण डेंग्यूत ती उलटू शकते. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा एक होऊन गेला की त्याच्या अँटीबॉडी उरतात. नंतर दुसऱ्या प्रकारचा आला तर ह्या जुन्या अँटीबॉडी त्याला अर्धवट पकडतात, निकामी करू शकत नाहीत, आणि त्यांना धरूनच तो मोनोसाइट-मॅक्रोफेजमध्ये सहज शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर व्हायची शक्यता असते. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काढ्याबद्दल शंका घेतली. "म्हणजे ह्यातली नक्की कोण वाढवायची?"

बरोबर प्रश्न. कारण काहींचं काम थांबवण्याचंच आहे. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ज्या आपल्याच शरीरावर उलटतील त्यांना बहुतांशी तिथेच मारलं जातं. तरी काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवल्या. त्यांना, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं. हा लगाम सुटला तर सांधे, त्वचा, स्वादुपिंड, कुठेही आपल्याच पेशींचा हल्ला होतो. तिथे डॉक्टर इम्युनिटी कमी करायचीच औषधं देतात.

आणि नेमकी एखादीच पेशी हाताशी धरायची असेल तर काय करतात, ते बघायला मुंबईबाहेर जावं लागत नाही. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बी पेशींवरची एक खूण ओळखणारं जनुक घालायचं आणि परत शिरेतून सोडायच्या. बी पेशींच्या काही रक्तकर्करोगांवर असं करतात, ह्याला कार-टी उपचार म्हणतात. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या अशा उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्या निरोगी बी पेशीही जातात, कारण ती खूण त्यांच्यावरही असते.

भाच्याची स्लाइड मी दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिली. लिम्फोसाइटमध्ये बऱ्याच पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, कड गडद निळी, शेजारच्या लाल पेशींना टेकून वाकलेली. रिपोर्टमध्ये आम्ही त्यांना 'रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट' लिहितो. ह्याच त्या ग्रंथीत आकडा जुळलेल्या पेशी असाव्यात, असं मनात येतं. टी की बी, ते मला सांगता येणार नव्हतं.

चार दिवसांनी काकू नवा रिपोर्ट घेऊन आल्या. ताप गेला होता. एकूण पेशी 4,300, न्यूट्रोफिल 48 टक्के, लिम्फोसाइट 40. मी बघायच्या आधीच त्यांनी समासात पेन्सिलीने गुणाकार करून ठेवला होता: 1,720.

"टक्का उतरला, पण माणसं वाढलीयेत," काकू म्हणाल्या. "आणि कोकणातले परत आलेत."